मोहाच्या दिवसांतला संडास

होळी होऊन गेली की आमच्या मागच्या घरातल्या काकू गच्चीवर मोहफुलं वाळत घालतात. सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली की तो वास सरळ चहाच्या भांड्यात उतरतो. गुळाची काहील आणि ओलं गवत एकाच चुलीवर ठेवल्यासारखा, गोड, जड, थोडासा आंबूस. आमच्या या धानाच्या मुलखातल्या गोरेगावात हा वास प्रत्येकाला काही ना काही आठवून देतो. काकूंना माहेर आठवतं. माझ्या नवऱ्याला आईच्या हातच्या मोहाच्या पोळ्या आठवतात, आणि त्या मी कधीच केल्या नाहीत हेही आठवतं. मला संडास आठवतो.

हे चारचौघांत बोलायची सोय नाही. पण आठवणींना कुठे कळतं की आपण कुठल्या वासाला चिकटतो आहोत. मार्च-एप्रिलची कोवळी सकाळ, पळसाची तांबडी गर्दी, उन्हाआधी उरकायची सकाळची शाळा, आणि या सगळ्याच्या मधोमध गुलाबी रंगाची दोन खोल्यांची एक छोटी इमारत. तिच्या भिंतीवर नळाखाली हात धुणारी, फारच गोरी, दोन वेण्यांची मुलगी रंगवलेली. शाळेत नळ नव्हता. तशी गोरी मुलगीही नव्हती.

तेव्हा माझी नेमणूक चिचगडच्या पुढे, जंगलाला टेकलेल्या एका गावात होती. गावाचं नाव सांगत नाही. तिथलं कुणी बाजारात भेटलं तर आजही आधी विचारतं, मॅडम, ते प्रकरण कोणाला सांगितलं तर नाही ना. चिचगडला मी खोली घेऊन राहायची, शनिवारी एसटीने देवरी, कोहमारा करत घरी यायची आणि सोमवारी परत. शाळा सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची. शिक्षक आम्ही चौघं, त्यात बाई मी एकटी.

मुख्याध्यापक होते बोरकर सर. सावकाश चालणारे, सावकाश बोलणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांना साखरेचा आजार होता आणि त्या गुलाबी संडासावर त्यांचा जीव होता. संडास बांधून झाला त्या दिवशी त्यांनी त्याला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. एका बाजूला मुलींचा, दुसऱ्या बाजूला मुलांचा, दोन्हीला एकच किल्ली लागायची.

सरांना दुष्ट म्हणणं सोपं होतं, मीही पहिले काही महिने मनातल्या मनात म्हणत होते. पण त्यांची बाजू खोटी नव्हती. या संडासाच्या आधी एक जुना संडास होता. तो उघडा ठेवला होता. पाणी हातपंपावरून आणायचं, हातपंप मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आणि शाळेला शिपाई नाही. बादली आठवड्यात गेली, डबा त्याच्या मागे गेला. बांधायला पैसे येतात, धुवायला कोणी येत नाही. म्हणून वर्षभर बोरकर सर स्वतः पँट दुमडून, खराटा घेऊन तो धूत राहिले. शेवटी कोणीतरी भांड्यात दगड भरले आणि सरांच्या मनातलं काहीतरी तिथेच तुंबलं. नवीन बांधला तेव्हा त्यांनी ठरवलं की हा वापरायचाच नाही. कधीही कोणी तपासायला आलं की कुलूप निघायचं, आतल्या पांढऱ्या फरश्या चमकायच्या, साहेब मान डोलवायचे, कुलूप परत लागायचं.

“वापरलं की खराब होते, मॅडम,” असं ते मला दुःखानेच सांगायचे. आणि ते खरंच होतं.

मला मात्र किल्ली मिळायची. शिक्षिका म्हणून तेवढा मान होता. फक्त ती मागावी लागायची. मी ऑफिसच्या दारात उभी राहायची, सर वाचत असलेलं परिपत्रक बाजूला ठेवायचे, भिंतीकडे तोंड करायचे, सदरा वर करायचे आणि करदोड्याची गाठ सोडायला लागायचे. गाठ सुटेपर्यंत चौथीचा वर्ग पाढे थांबवून माझ्याकडे बघायचा. मी मैदान ओलांडताना सगळ्या शाळेला माहीत असायचं की मॅडम कुठे चालल्या. पंधरा दिवसांत मी सकाळी अर्धा कप चहा प्यायची सवय लावून घेतली.

मुलींचं काय होतं, ते एरवी नजरेत येत नसे. शाळेमागे पळसाची, करवंदीची झुडपं होती. मधल्या सुट्टीत दोघी-तिघी मिळून जायच्या, एक पहाऱ्याला उभी राहायची. पण मोहाचा हंगाम आला की सगळं उघडं पडायचं. मोहफुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून लोक झाडाखालचा पाला-झुडूप आधीच जाळून, झाडून साफ करतात. शाळेमागचा सगळा भाग दोन दिवसांत टक्कल केल्यासारखा दिसू लागला. काळी जमीन, तिच्यावर पिवळट फुलांचा सडा, आणि प्रत्येक झाडाखाली टोपली घेऊन बसलेलं एक घर. आजी, सून, नातवंडं, शेळीसुद्धा. आड म्हणून काही राहिलंच नाही.

मग मधल्या सुट्टीनंतर वरच्या वर्गांतल्या मुली दिसेनाशा व्हायला लागल्या. आधी मला वाटलं, मोह वेचायला जात असतील. पोरं पहाटे वेचूनच शाळेत यायची, बोटं चिकट, डोळ्यांत झोप. पण वेचणं तर ऊन चढायच्या आत संपतं. सातवीत रामकला नावाची एक मुलगी होती. काटक, उंच, गणितात सगळ्यांच्या पुढे, बोलण्यात त्याहून पुढे. तिला मी विचारलं की खिचडी खाऊन दप्तर उचलून रोज कुठे जाता गं तुम्ही.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी सातवीत आणि ती शिक्षिका. “घरी जाऊन राहिलो ना, मॅडम. झुडपं जाळून टाकले. आता आमी कोठी जावाचं?”

घर लांब होतं. एकदा गेलेली मुलगी त्या उन्हात परत येत नव्हती. ज्या मुली थांबायच्या त्या सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. आणि महिन्यातले चार दिवस तर काही जणी येतच नव्हत्या, त्याचं कारण मला विचारावं लागलं नाही.

मी सरांकडे गेले. या वेळी किल्ली मागितली ती मुलींसाठी. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले की हंगाम महिनाभराचा असतो, मॅडम, झुडपं पावसात परत येतात. मी म्हटलं, सर, पण तोवर परीक्षा होऊन जाईल. ते म्हणाले, बघू. सरांचं बघू म्हणजे काय, ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

त्याच आठवड्यात आभाळ आलं. अवकाळी पावसाचे ढग जंगलावर टेकले आणि गावभर वाळत घातलेली मोहफुलं गोळा करायची धावपळ उडाली. सुकरामभाऊ हे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. धानाची शेती, मोठं अंगण, मोठा आवाज, मन त्याहून मोठं. त्यांच्या घराची कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, फेरायला काढलेली, छत उघडं. भरलेली पोती ठेवायची कुठे? ते तडक शाळेत आले आणि सरांपाशी काहीतरी हळू बोलले. सर भिंतीकडे वळले. करदोड्याची गाठ सुटली.

आम्ही सगळे व्हरांड्यातून बघत होतो. मुलींच्या बाजूचं दार उघडलं आणि सुकरामभाऊंचे गडी पाठीवर एकेक पोतं घेऊन आत शिरू लागले. गोऱ्या मुलीच्या चित्राखालून पोती ओळीने जात होती. रामकला माझ्याशेजारी उभी होती. अगदी शांतपणे, शंका विचारावी तसं तिने विचारलं, “मॅडम, मोहाले संडास लागली काय?”

मला हसू आवरेना, आणि रागही आवरेना. दोन्ही एकदम आलं की माणूस शिंकल्यासारखं काहीतरी करतो, तसं मी केलं. सरांना नंतर विचारलं तर ते म्हणाले, मॅडम, मोह कोरडी वस्तू आहे, त्याने खराब होत नाही.

मोह कोरडा नव्हता. घाईत भरलेला, अर्धा ओला. पाऊस चार थेंब टाकून निघून गेला आणि ऊन दुप्पट होऊन परत आलं. वर टिनाचं छत. तिसऱ्या दिवशी शाळेला वास येऊ लागला, चौथ्या दिवशी तो वास वर्गांत येऊन बसला. तिसरीची पोरं कविता म्हणता म्हणता डुलायला लागली. झोपेने डुलत होती, पण रस्त्याने जाणारे लोक थांबून शाळेकडे वेगळ्याच आदराने बघू लागले. सुकरामभाऊंना निरोप पाठवला की पोती न्या. ते म्हणाले, कवेलू बसले की नेतो.

पुढच्या सकाळी केंद्रप्रमुख साहेब शाळा पाहायला येणार होते. स्वच्छतागृह खास पाहणार होते. सरांनी आदल्या दिवशीच फिनाईलची बाटली आणून ठेवली. पोती पहाटे हलवायची, फिनाईल ओतायचं, असं ठरलं होतं.

सकाळी मी स्कूटीवरून पोचले तर पोरं फाटकापाशी रांगेत उभी. आमच्या शाळेत रांग कधी आपोआप लागत नाही, तेव्हाच मला काहीतरी खटकलं. मैदानाच्या पलीकडे बोरकर सर संडासासमोर उभे होते, हातात किल्ली. किल्लीचा उपयोग नव्हता. मुलींच्या बाजूचं दार बिजागऱ्यांसकट उखडून आत पडलं होतं. कडी-कुलूप मात्र जसंच्या तसं, चौकटीचा एक तुकडा धरून, इमानदारीने बंद होतं.

आतून घोरण्याचा आवाज येत होता.

सरांना वाटलं गावातला कोणीतरी मोहावर हात मारून तिथेच पडला आहे. त्यांनी खाकरून घेतलं आणि मुख्याध्यापकाच्या आवाजात विचारलं, कोण आहे आत. घोरणं थांबलं. पोती सरकल्याचा आवाज झाला आणि दारात एक काळा, केसाळ, लांब नखांचा पंजा आला, फरशीवर टेकला आणि तिथेच विसावला. अस्वलाने कूस बदलली होती.

आमच्याकडे अस्वल म्हणजे मस्करी नाही. वाघ रस्ता सोडतो असं म्हणतात, अस्वल आधी फाडतं मग विचार करतं. मी सरांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते पळाले, आणि पळत फाटकाकडे आले, वर्गाकडे नाही. आवाज न करता, दोन्ही हातांनी कोंबड्या हाकाव्या तसं त्यांनी सगळ्या पोरांना सातवीच्या वर्गात घातलं, कारण तिथलं दार जाड आणि खिडक्यांना गज. पोरं मोजली, परत मोजली, मग स्वतः आत आले आणि दार लावलं. त्या क्षणापासून मला त्यांच्यावर पूर्वीसारखं रागावता आलं नाही.

खिडकीच्या एका कोपऱ्यात फोनला रेंज यायची. वनखात्याला फोन लावला. ते म्हणाले, कोणी बाहेर पडू नका, त्याला उठवू नका, आम्ही निघतो. पण त्यांची गाडी दुसऱ्याच गावात होती.

मग सुकरामभाऊ आले, पहाटे न्यायची पोती उशिराने न्यायला. त्यांना खिडकीतून हातवारे करून आत ओढलं. काय झालं ते समजल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, किती पोती खाल्ली. त्यानंतर केंद्रप्रमुख साहेब मोटारसायकलवर आले. आम्ही चौघं शिक्षक आणि वर्गभर पोरं गजांतून हात काढून त्यांना पळा, इकडे या, अशा खुणा करत होतो. त्यांना ते स्वागत वाटलं. त्यांनीही हात हलवला, गाडी सावलीत नीट लावली, हँडल लॉक केलं. तेवढ्यात संडासातून एक लांब जांभई ऐकू आली. साहेब हेल्मेटसकट वर्गात आले आणि बराच वेळ हेल्मेटमध्येच राहिले.

आणि मग आम्ही बसून राहिलो. ऊन वर चढत गेलं. पोरांना सुरुवातीला मजा वाटली. मी गोष्ट सांगितली, मग दुसरी सांगितली. पहिली-दुसरीतल्या चिमुरड्यांसाठी फळ्यामागे कचऱ्याची बादली ठेवली, त्यांचा प्रश्न सुटला. वरच्या वर्गांतल्या मुली आपल्या जागेवर शांत बसल्या होत्या. अस्वस्थ झाले ते पुरुष.

मी आजवर विचार केला नव्हता, पण पुरुषांसाठी जगात सगळीकडे भिंती बांधून ठेवलेल्या आहेत. बोरकर सरांचीही एक होती, शाळेच्या डाव्या अंगाला. साखरेमुळे ते तासाला एकदा तिकडे जाऊन यायचे, परिपत्रक हातात धरून, सहज फिरायला निघाल्यासारखे. आज ती भिंत अस्वलाच्या बरोबर समोर होती. सर आधी उभे राहिले, मग बसले, परत उभे राहिले. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. एकदा त्यांची नजर फळ्यामागच्या बादलीकडे गेली आणि तिथून ती हलायला तयार होईना. सुकरामभाऊ पोती विसरले होते आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलत होते. साहेबांनी येताना चिचगडच्या टपरीवर दोन कप चहा घेतला होता. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, कोणी न विचारता, खोल आवाजात, हेल्मेटमधून.

सरांनी माठातल्या पाण्याचा पेला उचलला. रामकला जागेवरून उठली.

“सर, पानी पिऊ नका,” ती म्हणाली. “आनि उभे नका राहू, त्यानं जास्त होते. पाय आवळून बसा. खिडकीकडं पाहू नका. मनात पाढे म्हना, मोठे मोठे. हसू नका बिलकूल.”

सरांनी पेला खाली ठेवला. त्यांनी विचारलं, “तुला कसं काय ठाऊक हे सगळं?”

“आमी रोजच करतो ना, सर.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखर मदत करत होती. तिच्या मागे बसलेल्या चौघी-पाच जणी माना डोलवत होत्या, त्यातल्या एकीने भर घातली की ओढणी कमरेला घट्ट बांधली तर बरं वाटते. सांगितल्याप्रमाणे सर बाकावर पाय आवळून बसले. सुकरामभाऊ त्यांच्या शेजारी बसले. साहेबांनी हेल्मेटची काच वर केली. त्यांचे ओठ हलत होते. मी नीट ऐकलं, एकोणतीसचा पाढा चालला होता आणि तो चुकत होता.

त्या वर्गात मी नंतर पुष्कळ शिकवलं असेल. पण तो तेवढा शांत, तेवढा लक्ष देऊन बसलेला मी परत कधी पाहिला नाही.

वनखात्याची गाडी यायच्या आधी अस्वलच निघालं. दारात येऊन बसलं, अंग खाजवलं, भिंतीवरच्या गोऱ्या मुलीला हुंगलं. मग डुलत डुलत हातपंपापाशी गेलं, खालच्या डबक्यातलं पाणी प्यालं आणि कुंपणाच्या फटीतून जंगलाकडे चालतं झालं. त्याला काही घाई नव्हती. आत तिघे जण त्याच्या प्रत्येक पावलासाठी जीव टाकत होते.

झाडीत ते दिसेनासं झाल्यावरही सर थोडे थांबले, कारण पोरांची जबाबदारी. मग दार उघडलं आणि तिघे बाहेर पडले. डाव्या भिंतीकडे जायची कोणाची हिंमत झाली नाही, अस्वल त्याच बाजूने गेलं होतं. मुलींच्या संडासाला दार नव्हतं आणि आत जे होतं ते बघवत नव्हतं, आणि मुलांच्या बाजूला कुलूप होतं, त्याची किल्ली पळताना सरांच्या हातून कुठेतरी पडली होती. उरलं शाळेमागचं रान. ते काळं, साफ, नजर पोचेल तिथवर मोकळं होतं, आणि अस्वलाच्या भीतीने सकाळी वेचणं अर्धं टाकून गेलेलं सगळं गाव, ते गेल्याचं कळताच परत झाडाझाडाखाली येऊन बसलं होतं.

मी मागच्या खिडकीतून पाहत होते. सर ताठ, झपझप चालले होते. पहिल्या झाडाखालच्या म्हातारीने मान वर करून विचारलं, का सर, कोठी चालले. सर म्हणाले, सहज. दुसऱ्या झाडाखालून कोणीतरी अस्वलाची चौकशी केली. तिसऱ्या झाडाखाली तर सुकरामभाऊंची सासूच होती, तिने जावयाला हाक मारून बसवूनच घेतलं. साहेब मात्र कुठेही अडकले नाहीत. त्यांनी हेल्मेट काढलेलंच नव्हतं आणि काच खाली ओढून घेतली होती. ते कोण हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. पार पलीकडच्या नाल्याच्या खोल पात्रात एकामागोमाग दोन आकृत्या उतरल्या, आणि बऱ्याच वेळाने तिसरी, सासूच्या तावडीतून सुटलेली.

परत आल्यावर सरांनी हातपंपावर हात धुतले, चूळ भरली आणि ऑफिसात जाऊन बसले. साहेबांनी शेरा लिहिला, तो मी वाचला. मुलींच्या स्वच्छतागृहास दार नाही, कारण अस्वल. दार तातडीने बसवावे.

आतली घाण सरांनी स्वतः काढली. पँट दुमडली, खराटा घेतला. सुकरामभाऊ हातपंपावरून बादल्या आणत होते आणि प्रत्येक खेपेला उरलेल्या मोहाकडे बघून उसासा टाकत होते. मी फरश्या पुसल्या. अस्वलाच्या नखांचे ओरखडे राहिले ते राहिलेच. काम चालू असताना सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “मॅडम, ती पोरगी रोज म्हणाली ना?”

मी म्हटलं, हो, रोज.

ते परत घासायला लागले.

दार सुकरामभाऊंनी दिलं, त्यांच्या गोठ्याचं जुनं, भक्कम. गावातला सुतार ते बसवायला आला तेव्हा सरांनी वरच्या मुलींना बोलावून घेतलं, असं आमच्या शाळेत पहिल्यांदाच होत होतं. मुलींनी सांगितलं, खाली फट नको, आतून कडी पाहिजे आणि ती छोट्या पोरींच्या हाताला लागली पाहिजे. सुताराने आतली कडी ठोकली आणि सवयीने बाहेरच्या कडीचा कोयंडा हातात घेतला. त्याने विचारलं, सर, हा कुठे लावू. सरांनी कोयंडा हातात घेतला, वर-खाली करून बघितला, आणि म्हणाले की बाहेरून नको.

आता पुढे सगळं चकाचक झालं, असं सांगायला हवं. तसं काही झालं नाही. पहिल्याच आठवड्यात भांडं तुंबलं. साबण ठेवला तर कावळ्यांनी नेला. नवीन साबण कांद्याच्या जाळीत घालून टांगला तर कावळे जाळीला लोंबकळून झोके घ्यायला लागले. बादली गेली. सर मला रोज सांगायचे, बघा, म्हटलं होतं ना. पण कुलूप लावत नव्हते, कारण लावायला जागाच नव्हती. मग भांडं मोकळं करायचं, बादलीला साखळी बांधायची आणि परत सुरू. संडास बांधणं एकदाचं असतं, तो राखणं म्हणजे रोजचा स्वयंपाक. मी बाई असल्यामुळे मला ते लवकर समजलं.

धुवायचं कोणी, यावर खरं भांडण झालं. एक गुरुजी म्हणाले, मुलींचा आहे तर मुली धुतील. बोरकर सरांनी तो मुद्दा सावकाशपणे खोडून काढला. आधी शिक्षक धुतील, ते स्वतःसुद्धा, आणि पाणी मोठी मुलं भरतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हरांड्यातल्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, संडासाची पाळी. खाली, शनिवार, बोरकर सर यांची पाळी. सातवीच्या मुली फळ्यापुढे आल्या, वाचलं, आणि एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून इतक्या हसल्या की एकीला खाली बसावं लागलं. सरांनी मला विचारलं, शुद्धलेखन चुकलं का. मी म्हटलं, नाही सर, अगदी बरोबर आहे. त्यांच्या निवृत्तीपर्यंत तो मथळा तसाच राहिला आणि शनिवारी सरांची पाळी कधी चुकली नाही.

रामकला त्या वर्षी सातवीची परीक्षा देऊन पुढे देवरीला शिकायला गेली. तिचं पुढे फार मोठं काही झालं, असं सांगायचा मोह होतो. मला ठाऊक आहे ते एवढंच, की परीक्षा होईपर्यंतचे उरलेले सगळे दिवस ती शेवटच्या घंटेपर्यंत वर्गात बसली आणि मला प्रश्न विचारून विचारून तिने हैराण केलं. मधल्या सुट्टीनंतरच्या तासांची तयारी मला त्या वर्षी पहिल्यांदा करावी लागली.

आता मी गोरेगावजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. इथे जंगल नाही, अस्वल नाही. पाण्याची टाकी आहे, तिचा कॉक वरचेवर गळतो. माझी पाळी शनिवारची, सरांसारखीच. आज शनिवार नव्हता, पण दोघी शिक्षिका निवडणुकीच्या कामाला गेल्या, म्हणून धुवायचं काम माझ्याकडे आलं. सकाळची शाळा, कुठूनतरी मोहाचा वास, मी पदर खोचून आत ब्रशने कोपरे घासत होते आणि बोरकर सरांच्या आठवणीने एकटीच हसत होते. तेवढ्यात बाहेरून दारावर धडाधड थापा पडल्या.

“कोन हाये आत? लवकर निघा ना.”

मी म्हटलं, मी आहे, हेडमॅडम, धुऊन राहिले.

बाहेर क्षणभर विचार झाला. आवाज दुसरीतल्या कुठल्यातरी पोरीचा होता.

“मग नंतर धुवा ना,” ती म्हणाली. “मले जोराची लागली.”

मी ब्रश घेऊन मुकाट्याने बाहेर आले.